तहसीलपुढचं टेबल

पहाटे ५.३०
डिसेंबरात अंजनगाव सुर्जीत या वेळेला नळाचं पाणी हाताला चावतं. काकाजी उठून पिशवी भरतायत. फुलस्केप कागदांची गड्डी, कार्बन, टाचण्यांची डबी, डिंकाची बाटली, दोन निळे पेन, एक काळा. अंगठ्याच्या शाईपॅडवर रात्रीच दोन थेंब टाकून ठेवलेत. पॅड कोरडा असला की अंगठा फिका उमटतो. फिका अंगठा आतले बाबू चालवून घेत नाहीत. अर्ज परत आला की माणसाची आणखी एक रोजी बुडते.

काकाजी अडुसष्ट वर्षांचे आहेत. तहसील कार्यालयापुढं टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतात. आधी हातानं लिहायचे, मग टाइपरायटर घेतला. आता दोन्ही चालतं. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही.

सकाळी ७.१५
चहा आणि रात्रीची भाकर. फोन दोनदा वाजला. पानपिंपळीवाले शेतकरी दुपारी येणार आहेत. त्यांना निवेदन हवंय, आजच हवंय. उद्या नागपूरला जायचं आहे.

"सरकार आलं न नागपुरात," काकाजी म्हणतात. "आता आठवडाभर हेच चालते."

सरकार नागपुरात येतं ते २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळं. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठी राज्यात जायचं म्हणजे राजधानीपण सोडायचं होतं. म्हणून करारात लिहून घेतलं, की शासन दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथं होईल. महाराष्ट्र राज्य झाल्यापासून मंत्रालयाच्या फायली ट्रकांत भरून मुंबईहून नागपूरला येतात. हैदराबाद हाऊसमध्ये मुख्यमंत्र्यांचं कार्यालय थाटतं. आमदार निवास झाडून-पुसून उघडतं. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळं अधिवेशन नागपूरला आलंच नाही. २०२४ मध्ये आलं ते १६ ते २१ डिसेंबर. सहा दिवस. करारातला 'ठरावीक काळ' एवढा आखडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथला माणूस वर्षभर या दिवसांची वाट बघतो.

सकाळी ८.४५
टेबल चहाच्या टपरीत ठेवलेलं असतं, टाइपरायटर तिथल्याच लोखंडी पेटीत. त्याचे महिन्याचे ३०० रुपये. काकाजी आणि टपरीवाल्याचा पोरगा दोघं मिळून मशीन उचलतात. पंधराएक किलो वजन असेल. आधी टेबलाच्या एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवायचा. मग मशीन. मग त्यावरची धूळ जुन्या बनियननं पुसायची.

रिबन उलटून लावलीय. नवीन इथं मिळत नाही. अमरावतीला मिळाली तर दोन-तीन एकदम आणायच्या. 'ळ'ची कळ दाबली की दांडा कागदावर आपटून तिथंच चिकटून बसतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटानं तो मागं ढकलावा लागतो. त्या बोटाच्या टोकाला शाईचा काळा डाग कायमचा बसलाय.

सकाळी ९.४५
कार्यालय उघडलं. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी आठवडा पाच दिवसांचा झाला आणि रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. शनिवार गेला. काकाजींचा शनिवारचा धंदाही गेला. मजुरी करणाऱ्या माणसाला मात्र शनिवार आणि मंगळवार सारखेच. कामाला गेला तर पैसे, नाही गेला तर नाही.

सकाळी १०.२०
एक बाई आली. पायात स्लीपर, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"काकाजी, लेकीचा फॉर्म हाय. इन्कम पाह्यजेन म्हणते कॉलेजात."

"पटवाऱ्याचा दाखला आणला काय?"

"आणला न. कालचा पुरा दिवस त्यातच गेला. वेचणीले नाही गेली."

"आन् आजबी नाही."

"नाही न जी."

काकाजी फॉर्म भरतात. नाव, वय, धंदा, घरात माणसं किती. स्वयंघोषणापत्र. आधी ते वाचून दाखवतात, मगच अंगठा. अशा दाखल्याला आता मुद्रांक लागत नाही, साधा कागद पुरतो. हे काकाजी येईल त्याला सांगतात. न सांगता पैसे काढणारे कुठंही भेटतात.

बाईचा हिशेब मी तिच्यासोबतच मांडला. कापूस वेचणीला किलोमागं १० रुपये. दिवसाकाठी तिचा ३० किलो होतो. दोन दिवसांचे ६०० बुडाले. दाखल्याची फी ६९. २०२५ पर्यंत ती ३४ होती, मग सेवाशुल्क २० चं ५० झालं. झेरॉक्स ८ रुपये. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, पण तिच्या गावाची गाडी वेळेवर बसत नाही म्हणून ऑटो, जाऊन-येऊन ६०. काकाजींचे खरे ५० होतात, त्यांनी ३० घेतले. बेरीज ७६७.

एवढं सगळं तालुक्याचं कार्यालय गावापासून अर्ध्या तासावर असताना. ते आणखी लांब असतं तर आकडा कुठं गेला असता, ते तिलाच विचारावं. तिनं पिशवीची गाठ मारली आणि खिडकीकडं गेली. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत द्यायचा असतो. काकाजींनी पावतीवर तारीख दाखवली आणि पंधरावा दिवस कोणता ते तिच्या हातावर पेनानं लिहून दिलं.

सकाळी ११.३०
बारावीचा पोरगा आणि त्याचे वडील. जातीचा दाखला हवा, पुढं पडताळणी. ओबीसी असल्यानं १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा मिळत नाही, शाळेत रजिस्टर सापडलं नाही.

"मग कोतवाल बुक पहा," काकाजी म्हणाले. "आजोबाच्या भावाबहिणीची जन्माची नोंद असन. गाव कोणतं?"

त्यांनी नकलेचा अर्ज हातानं लिहिला, अक्षर स्वच्छ, ओळ सरळ. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी. त्यातली अक्षरं वाचणारे आता थोडे उरले. काकाजी वाचतात. अभिलेख कक्षातून नक्कल आली की लोक ती घेऊन पहिल्यांदा या टेबलावर येतात, मग पुढं जातात.

दाखल्यावर सही उपविभागीय अधिकाऱ्यांची. अंजनगाव सुर्जी तालुका दर्यापूर उपविभागात आहे, म्हणजे सही दर्यापूरची. मुदत पंचेचाळीस दिवसांची. पडताळणी समिती अमरावतीला. आधी या समित्या विभागाविभागाला असायच्या, नंतर जिल्ह्याजिल्ह्यात आल्या. हा बदल लहान दिसतो. ज्या बापाला पोराच्या प्रवेशासाठी वेळोवेळी तारखेला हजर व्हावं लागलं, त्याला विचारलं तर तो लहान म्हणणार नाही.

काकाजींचे १०० रुपये. वडिलांनी शंभराची नोट दोनदा चाचपून दिली.

दुपारी १२.५०
सर्व्हर गेला. खिडकीपुढं रांग तशीच उभी. दहा मिनिटं, वीस मिनिटं. काही जण टपरीवर आले. चहा १० रुपये. दोघं मिळून एक कप घेतात.

काकाजींच्या मशीनला वीजही लागत नाही आणि सर्व्हरही. एका माणसाचा नुकसानीचा अर्ज तेवढ्यात झाला. ३० रुपये.

दुपारी १.३०
ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. डबा टेबलावरच उघडतात. मशीनवर कापड टाकलेलं.

काकाजींच्या वडिलांच्या वेळी अंजनगाव दर्यापूर तालुक्यात होतं. फेरफाराला, नकलेला, दाव्याला, सगळ्याला दर्यापूर. वडील भाकरी बांधून जायचे आणि काम नाही झालं तर ओळखीच्या ओसरीवर झोपायचे. पुढं अंजनगाव सुर्जी स्वतंत्र तालुका झाला. तहसील आली, तिच्यामागं बाकीची कार्यालयं आली. तिच्यापुढं झेरॉक्सवाले, टपऱ्या आणि काकाजींचं टेबल.

शेजारच्या अचलपुराचं उलटं झालं. अचलपूर, तेव्हाचं एलिचपूर, हा इंग्रजांच्या काळी वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अमरावतीत घातला. जिल्ह्याची कचेरी गेली ती गेली. अचलपूर जिल्हा करा, ही मागणी आजही चालू आहे. त्या मागणीची निवेदनंही याच मशीनवर झालीत.

वऱ्हाडाची राजधानी कितीदा बदलली ते मोजून पाहा. निजामाचं हैदराबाद होतं. १८५३ ला वऱ्हाड इंग्रजांच्या हातात गेलं. १९०३ पासून कारभार नागपूरला जोडला. १९५६ ला मुंबई. त्याच्याही आधी, ३० डिसेंबर १८०३ ला, याच गावात दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. समोर आर्थर वेलस्ली होता. दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच, अहमदनगर, एवढं सगळं त्या तहानं शिंद्यांच्या हातून गेलं. इतका मोठा कागद इथं झाला होता. आता इथल्या माणसाला स्वतःच्या दोन एकरांचा कागद दुसऱ्या गावाहून सही होऊन यायची वाट पाहावी लागते.

"ऑफिस आलं म्हंजे पॉवर आली असं नसते," काकाजी डबा धुताना म्हणाले. "टेबल येते. खुर्ची येते. मंजुरीचा अधिकार मांगून येते, कधी येतच नाही." मांगून म्हणजे मागाहून. शकुंतला रेल्वेचं त्यांनी उदाहरण दिलं. मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज, अंजनगावात स्टेशन. गाडी बंद पडली. ब्रॉडगेजसाठी किती अर्ज टाइप केले, ते त्यांनी सांगितलं नाही. स्टेशन गावात आहे, निर्णय गावात नाही.

मला त्यांचं म्हणणं पटतं. कार्यालय हलवायचं तर सहीसकट हलवावं. नुसती खिडकी आली तर चकरा फक्त थोड्या आखूड होतात.

दुपारी २.३०
पानपिंपळीवाले तिघं आले. एक म्हातारा, दोन पोरं. त्यांनी वहीच्या पानावर मागण्या लिहून आणल्या होत्या. सात.

पानपिंपळी या भागातलं जुनं पीक. नागवेलीसारखाच वेल, आधाराला झाडं लावून सावलीत वाढवायचा. फळं हातानं तोडायची, उन्हात वाळवायची. आयुर्वेदातल्या त्रिकटूत सुंठ, मिरे आणि हीच पिंपळी. मेहनत बारमाही, मजूर रोज. एका अवकाळीत किंवा एका कडक थंडीत वेल जातो, आणि पुन्हा उभा करायचा तर खर्च पहिल्यापासून. विमा मिळावा, ही त्यांची मुख्य मागणी.

"सात नका टाकू," काकाजी म्हणाले. "एक टाका. मोठी टाका. दुसरीपर्यंत साहेब वाचत नाही."

"बाकीच्या कुठं टाकाच्या मंग?"

"बाकीच्या दुसऱ्या अर्जात. दुसऱ्या दिवशी."

म्हाताऱ्याला पटलं नाही. त्याला रोपांचं अनुदानही हवं होतं. दहा मिनिटं बोलणं झालं. शेवटी दोन मागण्या ठरल्या.

कागद चढवला. चार प्रतींसाठी मधे तीन कार्बन. वर उजवीकडं तारीख. 'प्रति, मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुक्काम : नागपूर.' मुक्काम हा शब्द काकाजी डिसेंबरात आवर्जून टाकतात. बाकी अकरा महिने तिथं मंत्रालय, मुंबई असतं.

मग विषय, मग संदर्भ, मग 'महोदय'. टक टक टक. दर ओळीला घंटी. पानपिंपळी हा शब्द पहिल्या पानावर अकरा वेळा आला. अकरा वेळा 'ळ'चा दांडा चिकटला, अकरा वेळा बोटानं मागं ढकलला. चार प्रती म्हणजे कळ जोरात मारावी लागते, नाहीतर शेवटची प्रत वाचता येत नाही. दुसऱ्या पानाला काकाजींनी मनगट झटकलं. पोरांपैकी एक म्हणाला, मोबाइलवर टाइप करून प्रिंट काढू का? काकाजी म्हणाले, काढा न, पण वीज आल्यावर. तेव्हा वीज नव्हती.

दोन पानं, चार प्रती. १२० रुपये. सह्या म्हाताऱ्यानं आधी केल्या, मग पोरांनी.

दुपारी ४.१०
एक म्हातारा गुराखी आला. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० मिळतात. हयातीचा दाखला द्यायचाय. माणूस जिवंत समोर उभा, तरी कागद लागतो, पण त्याला त्याबद्दल तक्रार नव्हती. तो बसला. पानपिंपळीवाल्यांचं नागपूरचं बोलणं ऐकत होता.

"मोर्चात जाऊन रायले काय?"

"नाही बाबा. निवेदन देतो फक्त."

"गर्दीत बायालेकरं नका नेऊ," तो म्हणाला.

तो गोवारी. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरला अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा गेला होता. जमातीच्या सवलती मिळाव्यात, कागदावर आपली नोंद नीट व्हावी, एवढी मागणी. पोलिसांनी अडवलं, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं जास्त. झिरो माइलजवळ स्मारक आहे. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे.

सरकार जवळ आलं म्हणून ती माणसं गेली होती. मुंबईला जायची त्यांची ऐपत नव्हती. नागपूरला भाकरी बांधून जाता येत होतं. हे लिहिताना माझा हात जड होतो. कागदावरच्या एका नोंदीसाठी एवढी किंमत कुणी मोजू नये, आणि ती नोंद गावाजवळच्या कार्यालयात होत असती तर मोजावी लागली नसती, असं मला वाटतं.

काकाजींनी हयातीचा अर्ज लिहिला. अंगठा घेतला. ठसा स्वच्छ आला. पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी ५.४०
गल्ला म्हणजे शर्टाचा खिसा. बाईचे ३०, पोराचे १००, निवेदनाचे १२०. बाकी किरकोळ अर्ज नऊ, तीस-तीस रुपयांचे, २७०. एकूण ५२०. तीन चहा ३०, पेटी-टेबलाचे दिवसाला १०, कागद-कार्बनचे ४५ धरा. हातात राहिले ४३५. डिसेंबर आहे म्हणून. उन्हाळ्यात शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू होईपर्यंत दिवसाला दोनशेही सुटत नाहीत. दाखल्यांचं काम सेवा केंद्रांकडं गेलं, ते चांगलंच झालं, काकाजी म्हणतात. दाखला भरून देणारे खूप झाले. मजकूर लिहून देणारे थोडे.

संध्याकाळी ६.१५
खिडकी बंद झाली. मशीन पेटीत जायच्या बेतात होतं, तेवढ्यात पानपिंपळीवाली पोरं धावत आली. गाडी ठरली होती, पहाटे चारला निघणार. त्यांना फक्त विचारायचं होतं, की नागपुरात निवेदन नेमकं कुणाच्या हातात द्यायचं.

"चारले काऊन निघता?" काकाजींनी विचारलं. "आठले निघा. अमरावती वाटेतच हाय. दहा-साडेदहाले विभागीय आयुक्ताच्या ऑफिसात जा. तिथं मुख्यमंत्री सचिवालय कक्ष हाय."

हे कक्ष जानेवारी २०२० मध्ये विभागीय आयुक्तालयांत उघडले. मुख्यमंत्र्यांच्या नावाचा अर्ज तिथं देता यावा, मुंबईची चक्कर वाचावी, हा हेतू. पोरांनी त्याचं नाव ऐकलं नव्हतं.

"तिथं एक प्रत द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का अन् तारीख घ्या. पोच घेतल्याबिगर उठू नका. मंग नागपूर. तिथल्या गर्दीत पोच कुठं मांगत बसता?"

काकाजींनी झाकण पुन्हा उघडलं. चारही प्रती एकेक करून चढवल्या आणि तळाशी एक ओळ घातली. 'प्रतिलिपी : मा. विभागीय आयुक्त, अमरावती.' या ओळीत 'ळ' नव्हता. पटकन झालं.

"किती देऊ जी?"

"दहा. आन् शिक्का मारलेल्या कागदाचा एक झेरॉक्स मले आणून द्या. पुढच्या अर्जात संदर्भ म्हणून तो नंबर टाकाले लागते."